सात नंबरची बॅग

माझ्या सुनंदाकाकीवर आळ घेतला गेला तो दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यातल्या शुक्रवारी. सकाळची धार झाली होती, दुधाची गाडी यायची होती. मी नववीत होते. आळ घेणारी माझी आई होती. तो खोटा आहे हे ठाऊक असलेली माणसं तिथं तीन होती: एक माझे वडील, एक मी, आणि एक खुद्द काकी. तिघांपैकी कुणीही खरं सांगितलं नाही. पुढं जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, पण ते नीट सांगायचं तर आधी बॅगा सांगायला हव्यात.

आमची वस्ती कन्हेरीच्या शिवारात, रस्त्यापासून पार आत. आजूबाजूला ऊस. ऊस वाढला की आमचं घर कुणाला दिसत नसे आणि आम्हालाही कुणी दिसत नसे. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की वाऱ्यावर मळीचा वास यायचा, तेवढीच जगाची खूण. घरात मी एकटी पोर. दादा, म्हणजे माझे वडील, आणि आई पहाटेपासून गाईंच्या मागं. धाकटे चुलते, आप्पा, कुट्टीचं मशीन ट्रॅक्टरला लावून भाड्यानं गावोगाव जायचे आणि हंगामात आठ-आठ दिवस घरी दिसायचे नाहीत. शाळेतल्या मुली बारामतीत राहायच्या, त्यांच्या मैत्रिणी एकमेकींच्या दारात. माझ्या दारात यायचं म्हणजे दीड मैल उसातून चालायचं. कोण येणार? त्यामुळं माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे काकी. आप्पांची बायको, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, इंदापूरची. भाकरी थापताना ती मला समोर बसवून दिवसभराचं सगळं विचारायची, कोण बाकावर कुणाशेजारी बसलं इथपर्यंत. आई विचारायची ते फक्त जेवलीस का. आणि तेही पाठमोरी.

आमच्याकडं मुरघास, म्हणजे जनावरांसाठी मुरवलेला हिरवा चारा, सुरू झाला तो मी सहावी-सातवीत असताना. मका दुधाळ दाण्यात आला की तोडायचा, मशीनवर बारीक कुट्टी करायची आणि पुरुषभर उंचीच्या जाड बॅगेत, आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरात, थरावर थर तुडवून भरायची. गूळ-मिठाचं पाणी आणि चारा आंबवणारं कल्चर शिंपडायचं. हवा सगळी निघाली पाहिजे. मग अस्तराचं तोंड पिळायचं, सुतळीनं आवळायचं, दुमडून परत आवळायचं, आणि पंचेचाळीस दिवस त्याला हात लावायचा नाही. हे सगळं शिकवायला डेअरीकडून एक साहेब आले होते. पुरुष झाडाखाली बसले, बायका गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या. साहेब चांगला माणूस. बायकांना पटकन समजावं म्हणून तो म्हणाला, ताई, अवघड काही नाही, लोणच्यासारखं समजा.

त्या एका वाक्यानं पुढं काय काय झालं ते त्या साहेबाला कधी कळणार नाही. तो जीप घेऊन गेला आणि बायकांनी ते वाक्य घरी नेलं. लोणचं म्हटल्यावर लोणच्याचं सगळं आलं. ओला हात नको. चप्पल नको. बॅगेत उतरायच्या आधी पाय धुऊन कोरडे करायचे. इथपर्यंत ठीक, यातलं निम्मं तर साहेबानंही सांगितलं असतं. पण लोणच्याच्या बरणीला अडचणीतल्या बाईनं शिवायचं नाही, हेही त्याच्यासोबत आलं. ज्या गावात दहा वर्षांपूर्वी मुरघास हा शब्द कुणी ऐकला नव्हता, तिथं दोन हंगामांत त्याचा विटाळ पाळायला लागले. पाचट तुडवताना विटाळ नव्हता, शेणात हात घालताना नव्हता, धार काढताना नव्हता. एवढ्या कामाला कोण बसून राहणार? पण बॅगेला होता, आणि बॅगा भरायच्या दिवसांत अडचणीतल्या बाईनं मागच्या पडवीत बसायचं. आई तर या बाबतीत पक्की. घरातल्या बायकांच्या तारखा तिच्या डोक्यात कॅलेंडरसारख्या टांगलेल्या असायच्या.

बॅग तुडवायचं काम काकीचं आणि माझं. आम्ही हलक्या, म्हणून. दादा वरून टोपल्यानं कुट्टी ओतायचे आणि आम्ही दोघी आत गोल गोल फिरायचो, एकमेकींच्या खांद्यांना धरून. सुरुवातीला बॅगेचे काठ डोक्याच्या वर असत. आत पांढरा उजेड, कच्च्या मक्याचा गोड वास, पायाखाली कोमट, ओलसर कुट्टी आणि वर फक्त आभाळाचा गोल तुकडा. मशीन इतकं ओरडायचं की बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. पण काकी बोलायची ते मला स्पष्ट ऐकू यायचं, कारण तिचं तोंड माझ्या कानाशी असायचं. "मने, आपण दोघी आता फोडी," ती म्हणायची, "वरनं तेल कवा सोडत्यात बघ." जसजशी बॅग भरत जाई तसतशा आम्ही वर येत जायचो, आधी कपाळं, मग डोळे, मग खांदे, आणि शेवटी गुडघ्यापर्यंत बाहेर. मग दुरून बघणाऱ्याला वाटावं दोन बायका ढिगावर फुगडी खेळतायत. मी आजवर खूप सभांत बसले आहे, खूप माणसांना खेटून. पण त्या बॅगेत जेवढी कुणाच्या तरी सोबत होते तेवढी नंतर कुठंच नव्हते. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, मोजून लिहिते आहे.

दुपारी मशीन थांबलं की तिथंच बांधावर जेवण. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा, आणि आमच्या हातांना, घासांना, सगळ्याला मक्याच्या चिकाचा वास. दादा खुशीत असले की म्हणायचे, जनावरांनी सहा महिने काय खायचं ते आपण आजच ठरवतोय, सरकारला तरी जमतंय का? तेव्हा मला ते फार थोर वाक्य वाटायचं.

त्या वर्षी सात नंबरची बॅग अर्धी भरली होती तेव्हा काकीनं मला थांबवलं. माझ्या सलवारीकडं बघितलं. मला काही कळेना, मग कळलं. माझी पहिलीच वेळ. मी घाबरून म्हणाले, मी उतरते. काकीनं कमरेचा टॉवेल सोडला, माझ्या कमरेला गुंडाळला, गाठ मारली, आणि मला परत खांद्याला धरलं.

"मक्याला काय कळतंय?" ती म्हणाली. "तुडव."

मी तिला शपथ घातली, आईला सांगू नको. आईला कळलं असतं तर बॅग रिकामी करायला लावली असती आणि मला चार दिवस मागच्या पडवीत बसवलं असतं. काकीनं मान हलवली. संध्याकाळी तिनं स्वतःच्या ट्रंकेतला पॅडचा पुडा मला दिला, कसं करायचं ते शिकवलं, आणि दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेलं ते उकिरड्यामागं नेऊन जाळलं. आईनं तिला तिथं पाहिलं.  आईनं ते फक्त डोक्यातल्या कॅलेंडरवर मांडून ठेवलं असणार: सुनंदा, सात नंबरची बॅग.

आता दादांचं. दादा वाईट माणूस नाहीत. कधीकधी वाटतं ते वाईट असते तर मला हे सोपं गेलं असतं. आमच्याकडं पाहुणा आला की त्याला चहाआधी काहीतरी दाखवायची रीत आहे. कुणी नवी विहीर दाखवतो, कुणी ठिबक, कुणी बैल. दादा बॅगा दाखवायचे. नुसत्या दाखवून भागेना, कारण बंद बॅगेत बघायचं काय? म्हणून वास. दसऱ्याच्या सुमारास काटेवाडीचे एक तात्या आले, दादांचे जुने दोस्त, सोबत त्यांचे दोन भाऊबंद. दारापासून सगळ्यात जवळ सात नंबर उभी होती. दादांनी तिची सुतळी सोडली, अस्तराच्या तोंडात हात घातला आणि मूठभर काढून तात्यांच्या नाकाशी धरलं. तेव्हा वास खरंच छान होता, आंबट-गोड, पिकल्या फळासारखा.

"आरं, हे तर माणसानंच खावं," तात्या म्हणाले.

"खावा की. मीठ बी घातलंय," दादा म्हणाले, आणि सगळे हसले.

मूठ हातोहात फिरली. मग सगळे चहाकडं वळले आणि दादा जाता जाता मला म्हणाले, बांध गं परत. मी बांधली. पण हवा दाबून काढायला माझ्या हातात तेवढं बळ कुठलं? मी आवळली तेवढी आवळली, वर दुमडली आणि चहाचे कप द्यायला पळाले. पुढच्या तीन आठवड्यांत हे आणखी दोनदा झालं. एकदा गावच्या विकास सोसायटीतले कुणी आले तेव्हा, एकदा दादांचे साडू आले तेव्हा. दर वेळी सात नंबर, कारण ती दाराशी. दर वेळी बांधणारी मी. पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही हे दादांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. इतरांना तेच तर सांगायचे ते, मूठ हातात धरून.

दिवाळीनंतर सात नंबर उघडली. वरचा हातभर थर काळा पडला होता, मधून पांढरी बुरशीची जाळी, आणि आत हात घातला तर चटका बसावा इतकं गरम. वास कुजका. दादांनी वरचा थर काढून फेकला आणि खालचं चांगलं दिसतंय म्हणून गाईंना घालायला सुरुवात केली. टाकवत नव्हतं त्यांच्याच्यानं, इतक्या कष्टाचं. चौथ्या दिवशी, म्हणजे त्या शुक्रवारी, पहाटे आमची हौशी गाय गाभडली. सातवा महिना होता तिला. मी शाळेला जायला दप्तर पाठीला लावून गोठ्यात गेले तेव्हा ती उभी होती आणि मागं वळून वळून जमीन हुंगत होती. वासरू पोत्याखाली झाकलं होतं. तिच्या घशातून एक बारीक आवाज निघत होता, एरवी ती जसा वासराला घालते तसा. तो मी अजून ऐकते.

डॉक्टर आले होते. शेजारच्या वस्तीवरचे दोघं-तिघं दूध घेऊन निघालेले तेही थांबले होते. डॉक्टरांनी बॅगेतली मूठ घेतली, चोळली, हुंगली आणि फेकून दिली. बुरशी आहे, म्हणाले, गाभण जनावराला हे घालायचंच नव्हतं. कुठून तरी हवा गेली आहे. मग त्यांनी दादांना विचारलं, "मधी उघडली होती का हो बॅग?"

मी दादांकडं पाहिलं. दादांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"न्हाय," दादा म्हणाले. "हातच लावला न्हाय."

डॉक्टर म्हणाले, मग उंदरानं अस्तर कुरतडलं असेल, भोक बघा. ते औषध लिहून गेले. भोक बघायला कुणी वाकलं नाही, कारण आईला भोकाची गरजच नव्हती. ती पदरानं हात पुसत पुढं आली आणि काकीला म्हणाली, सात नंबर भरली त्या वक्ताला तू बाहेरची होतीस, मी उकिरड्यावर बघितलंय तुला, खोटं बोलू नकोस. सगळ्या माणसांसमोर. दुधाच्या किटल्या हातात घेऊन उभे असलेले पुरुष आभाळाकडं बघायला लागले.

काकीनं माझ्याकडं पाहिलं. एवढंच. तिच्या नजरेत सांग असं नव्हतं आणि सांगू नको असंही नव्हतं. ती फक्त मी काय करते ते बघत होती. मी दप्तराचा पट्टा धरून उभी होते. मला दोन गोष्टी ठाऊक होत्या आणि दोन्हींतली कुठलीही एक बोलले असते तर काकी सुटली असती. एक बोलले असते तर दादा सगळ्यांसमोर खोटे पडले असते. दुसरी बोलले असते तर त्या किटल्या धरलेल्या माणसांसमोर माझ्या अंगाची गोष्ट झाली असती. मी चौदा वर्षांची होते हे कारण मी पुष्कळ वर्षं वापरलं. आता वापरत नाही.

"व्हय अक्का," काकी म्हणाली. "चुकलं माझं."

आई तिथं थांबली असती तरी चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी काकीचं पोट पडलं होतं, पाचव्या महिन्यात, आणि त्यावर घरात कुणी कधी बोलत नसे. आई बोलली. "तुझं न्हाय टिकलं, आता जनावराचं बी टिकू दिलं न्हाईस." हे वाक्य मी इथं लिहिलं आहे याचा आईला राग येईल. येऊ दे. ते बोललं गेलं होतं.

एसटीची वेळ झाली होती आणि मी पळाले. शाळेत पहिला तास भूगोलाचा होता. बाईंनी नकाशात नद्या दाखवायला सांगितल्या आणि मी दाखवल्या, सगळ्या बरोबर.

त्यानंतर काकीला गोठा बंद झाला. कुणी तसं जाहीर केलं नाही, पण टोपलं तिच्या हातातून काढून घेतलं जायचं. तिनं घातलेलं पाणी जनावरांपुढून उचललं जायचं. आप्पा घरी आले तेव्हा त्यांच्या कानावर घातलं गेलं. ते जेवले, हात धुतला आणि म्हणाले, मशीनचं बेअरिंग बदलायला बारामतीला जायचंय. काकी दिवसभर चुलीपाशी बसायची. मी समोर जाऊन बसायला लागले की ती भाकरी थापत राहायची. विचारायची काही नाही. मी स्वतःहून शाळेतलं सांगून बघितलं, कोण कुणाशेजारी बसलं वगैरे. ती व्हय का, म्हणाली. संक्रांतीच्या आधी तिचा भाऊ आला आणि ती इंदापूरला गेली. ट्रंक घेऊन गेली, त्यावरून मला कळलं.

पुढच्या हंगामात बॅग तुडवायला मी एकटी होते. एकटीनं तुडवता येत नाही. धरायला खांदा नसतो, तोल जातो, मग बॅगेच्या भिंतीला धरायचं आणि ती तर तुमच्याच वजनानं वाकते. वर आभाळाचा तोच गोल. मशीन ओरडायचं आणि त्यात मला काहीही ऐकू यायचं नाही. महिन्यातले चार दिवस मला मागच्या पडवीत बसवायचे आणि दादा मजुराची बायको तुडवायला आणायचे. मी पडवीतून मशीन ऐकायचे. भाकरी दुरून सरकवली जायची. दादा तिथून जाताना खाकरायचे आणि वाट बदलायचे. आम्ही दोघं एकच गुपित सांभाळत होतो आणि त्यानंतर आमच्यात दुसरं काही उरलंच नाही. आजही गेले की ते हवापाण्याचं बोलतात, मी हवापाण्याचं बोलते.

पुढं मी शिकले, बायकांच्या प्रश्नांवर पत्रकं लिहायला लागले, तहसीलसमोर बसायला लागले. पाळीच्या विटाळावर मी किती पत्रकं काढली असतील. त्यांत कुठल्यातरी गावची कुणीतरी बाई असायची, आणि ती कधीही कन्हेरीची नसायची. लोकांचा अन्याय लिहिताना माझं पेन थांबत नाही. सुनंदा हे नाव लिहायला मला बारा वर्षं लागली.

मागच्या उन्हाळ्यात मी इंदापुरात मोर्च्याला गेले आणि संपल्यावर काकीकडं गेले. ती आता हायवेजवळ एका शेडमध्ये कामाला आहे, जिथं मुरघासाचे गठ्ठे मशीनवर बांधून ट्रकनं पाठवतात. डोक्याला टॉवेल, नाकाला फडकं, सगळ्या अंगावर कुट्टी. मला बघून फडकं खाली केलं. चहा मागवला. मग विचारलं, जेवलीस का. शेडमध्ये सात-आठ बाया होत्या. इथं चार दिवस घरी बसवतात का, असं मी हळूच विचारलं, तर ती इतकी हसली की दुसऱ्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं. "मुकादम पगार कापंल की गं," काकी म्हणाली.

मग मी ते सांगितलं जे सांगायला गेले होते. माझी पाळी होती. बॅग दादांनी उघडली होती, तीनदा, आणि बांधली मी. तुझा काहीही संबंध नव्हता. मला त्या दिवशी बोलायला हवं होतं. माझं रडूबिडू सुरू झालं होतं. काकी चहा संपेपर्यंत ऐकत राहिली. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि माफ केलं असंही म्हणाली नाही.

"हे मला कशाला सांगतीस, मने?" ती म्हणाली. "मला तर म्हायतीच हाय. उंदीर-बिंदीर काय नव्हतं, दादांनी पाव्हण्यांपुढं बॅग सोडल्याली मी चुलीपासनं बघत हुते की."

"मग तू का बोलली न्हाईस?"

"मी बोलल्यावर कोण ऐकणार हुतं? तू बोलली असतीस तर ऐकलं असतं." मग तिनं फडकं परत नाकावर ओढलं. "ज्यांच्यापुढं मला बोलले त्यांच्यापुढं सांग. मला सांगून तुझं मन हलकं हुईल. माझं काय हुईल?"

मशीन सुरू झालं आणि ती कामाला गेली.

गेल्या महिन्यात मी कन्हेरीला गेले. त्या शुक्रवारी किटल्या घेऊन थांबलेल्या माणसांपैकी एक वारला आहे, दोघं आहेत. दोघांना घरी बोलावलं, आई-दादांनाही त्यांच्यासोबत ओट्यावर बसवलं आणि हे सगळं त्यांच्यासमोर बोलले, माझ्या पाळीसकट. म्हातारे पायांकडं बघत होते. आई उठून आत गेली. दादा बसून राहिले आणि म्हणाले, "व्हय. मी सोडली हुती." तेवढंच. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही आणि सकाळी मला एसटीपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. मी इंदापूरला फोन करून काकीला सांगितलं, दादा काय म्हणाले तेही.  ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

आता तुमच्याकडं येते. हे वाचताना तुम्हाला एक बाई आठवली असेल. तुमची जाऊ, बहीण, सून, कामाला येणारी, कुणीही. जिच्यावर तुमच्यासमोर आळ घेतला गेला आणि तुम्हाला खरं ठाऊक होतं. तिच्याकडं जाऊन हळूच माफी मागू नका, त्यात सोय तुमची आहे. त्या वेळी जी माणसं उभी होती त्यांतली जी जिवंत असतील त्यांना एका जागी बसवा. तिचं पूर्ण नाव घ्या. स्वतःचंही घ्या. आणि या आठवड्यात, पुढच्या नव्हे, त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगा की ती खरी होती आणि तुम्ही गप्प बसला होता.